फ्रेंच कपाटाची पाठ

“मेलेला ससा माझ्या जेवणाच्या खोलीत लागणार नाही,” मी म्हणाले. “आम्ही लिंगायत माणसं. घरात अंडं येत नाही, आणि तुम्ही कपाटाच्या दारावर ससा उलटा टांगून विकताय?”

कैझरभाई हसले. “अम्मा, तो लाकडाचा आहे. फ्रान्समध्ये शिकारीची अशी नक्षी करायची पद्धत होती.”

“लाकडाचा आहे ते दिसतंय. पण जेवताना त्याचे डोळे माझ्याच ताटात असणार. पुढचं दाखवा.”

पुण्यात कोंढव्याच्या पुढं त्यांचं पत्र्याचं गोदाम होतं. आत खुर्च्या, पलंग, आरसे, झुंबरं, सगळं परदेशातून उतरलेलं, एकावर एक चढवलेलं. आम्ही बार्शीहून पहाटे निघून आलो होतो. मी, माझा मुलगा वीरेश आणि सून तेजश्री. तेजश्रीला सहावा संपून सातवा लागला होता. तिला बसायला कैझरभाईंनी एक मखमली खुर्ची दिली, पण ती काही बसेना. नव्या बंगल्याच्या जेवणाच्या खोलीत फ्रेंच साइडबोर्ड ठेवायचा, हे तिच्याच डोक्यातून निघालेलं. सोलापूरची, चित्रकलेची परीक्षा दिलेली मुलगी.

“साइडबोर्ड म्हणजे काय गं नक्की?” मी तिला गाडीत विचारलं होतं.

“जेवणाच्या टेबलाशेजारचं बुटकं कपाट, आत्या. ताटं-वाट्या आत, वाढायची भांडी वर.” आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात.

“मग फळीला काय झालं?”

वीरेश पुढं बघून गाडी चालवत राहिला. माझ्यासमोर तो बायकोची बाजू घेत नसे, आणि बायकोसमोर माझी. मला वाटायचं, पोरगं शांत आहे.

तेजश्रीनं निवडलं ते कपाट अक्रोडाच्या लाकडाचं. साधं, नक्षी नाही, पितळेच्या बारीक कड्या. ती त्यावरून असा हात फिरवत होती, जसा कुणी वासराच्या पाठीवरून फिरवावा.

“हे घेऊ या, आत्या. बघा ना, किती शांत आहे.”

“शांत? दवाखान्यात औषधं ठेवतात तसलं दिसतंय. तुझ्या आईनं चांदीचा ताटांचा संच दिलाय, तो असल्या डब्यात ठेवला तर ती म्हणेल, माझ्या चांदीची यांना किंमत नाही.”

आता खरं सांगते. तिची आई, म्हणजे माझी विहीण रत्नप्रभाबाई, डोहाळजेवणाला येणार होती, म्हणून तर हा सगळा खटाटोप होता. ती वकिलाची बायको. मी दुसरी नापास, नवरा गेल्यावर आडत दुकान एकटीनं चालवलेलं. साखरपुड्यात ती मला म्हणाली होती, “तुमचा व्यवहार फार मोठा, पण घरात तसं काही जाणवत नाही हो.” गोड बोलून. ते वाक्य माझ्या घशात चार वर्षं अडकलं होतं.

आणि मग मला ते दिसलं. आमच्या खांद्याला येईल एवढं उंच, ओकच्या लाकडाचं. वर पांढरा संगमरवर, त्यावर मागं आरसा. चार दारं, चारी दारांवर द्राक्षाचे वेल, घड असे भरदार की तोडून तोंडात टाकावेत.

“हे,” मी म्हणाले.

“आत्या, हे खोलीत फार मोठं होईल,” तेजश्री म्हणाली.

“खोली मी बांधलीये. मला माहिती आहे केवढी आहे.”

ती मखमली खुर्चीवर जाऊन बसली. वीरेशला फोन आला, तो बाहेर गेला. तेव्हा कैझरभाई माझ्याजवळ आले, आणि दाराच्या खालच्या कडेवर त्यांनी बोट ठेवलं. मोहरीएवढी भोकं होती. दहा-बारा.

“अम्मा, मी लपवत नाही. हे गेल्या आठवड्यात कंटेनरमधून उतरलंय. भोकं जुनी असतील, किडा मेलेला असेल. पण खात्री नाही. पंधरा दिवस माझ्याकडं राहू द्या. आमचा माणूस दवा भरतो, मग पाठवतो.”

“डोहाळजेवण चौदा दिवसांवर आहे. पंधरा दिवसांनी आणून त्यात काय माझं डोकं ठेवू?”

“मग सूनबाईंनी पसंत केलेलं घ्या. ते एकदम तयार आहे.”

हे त्यांनी बोलायला नको होतं.

“बुधवारपर्यंत घरी पोचलं पाहिजे,” मी म्हणाले. “आणि भोकांचं माझ्या पोरांना सांगायचं नाही. उगाच मन खट्टू होतं.”

कैझरभाईंनी दारावरचं बोट काढून घेतलं. “जशी तुमची मर्जी,” म्हणाले.

कपाट बुधवारी आलं. आठ माणसं लागली उतरवायला. आमच्या बंगल्यात बैठकीची खोली आणि जेवणाची खोली एकच आहे, मधे नुसती लाकडी जाळी. इंजिनिअरनं तसंच केलं होतं, मोकळं दिसतं म्हणून. जाळीच्या या बाजूला दिवाण, त्या बाजूला टेबल, आणि भिंतीला माझं कपाट. शेजारपाजारच्या बायका बघून गेल्या. एकीनं विचारलं, “राजवाड्यातलं हाय का ओ?” मी म्हणाले, “फ्रान्सचं.” फ्रान्स कुठं आहे ते तिलाही माहीत नव्हतं, मलाही.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी मी फरशीवर पाऊल ठेवलं, तर तळव्याला काही बारीक लागलं. वाकून बघितलं. कपाटाच्या पायाशी पिठाची छोटी रास. पिवळसर. ज्वारीच्या पिठासारखी.

तीस वर्षं मी धान्यात काढली. पीठ पडतं म्हणजे आत कोण जेवतंय ते मला कुणी सांगायला नको. पदरानं पुसून घेतलं. दुपारी पुन्हा पडलं. सोमवारी डोहाळजेवण. रत्नप्रभाबाई वाकून बघणार नाही, पण तिची नजर फरशीवर गेल्याशिवाय राहणार नाही. “अगंबाई, यात कीड आहे वाटतं?” हे मला ऐकू येत होतं, तिच्या त्या गोड आवाजात.

कैझरभाईंना फोन करता आला असता. त्यांनी काय म्हटलं असतं? “अम्मा, मी बोललो होतो.” बस, तेवढंच. तेवढं ऐकायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी दुकानाच्या गोदामातून गोळ्या आणल्या. पोत्यांच्या थप्पीत किडा मारायला ठेवतात त्या. हवा लागली की त्यातून वायू निघतो. आमच्याकडं त्या ठेवल्या की थप्पीवर ताडपत्री पडते, कडेनं वाळूच्या पिशव्या, गोदामाला कुलूप, दारावर लाल पाटी. सात दिवस आत कुणी पाय ठेवायचा नाही, हा नियम मीच करून ठेवलेला. मी नसताना कुणी मोडला तर त्याची धडगत नसे.

हे सगळं माहीत असून मी त्या गोळ्या कागदात बांधून कपाटाच्या चारी कप्प्यांत ठेवल्या. दारांच्या फटींना चिकटपट्टी लावली. माझा हिशेब असा, की दोन बोटं जाड ओकचं लाकूड, त्यातून काय बाहेर येणार? हेच माझं छोटं गोदाम. तीन दिवसांत किडा मरेल, रविवारी सकाळी काढून टाकीन.

“पॉलिश ओलं आहे,” मी सगळ्यांना सांगितलं. “रविवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही.”

कुणी विचारलं नाही की जुन्या कपाटाला पॉलिश कधी झालं. माझ्या घरात असलं कुणी विचारत नसे.

शुक्रवारी मी दिवसभर दुकानात होते. तुरीचे सौदे चालले होते. संध्याकाळी आले तर तेजश्री दिवाणावर पडलेली. डॉक्टरीणबाईंनी तिला जिना चढायचा नाही असं बजावलं होतं, त्यामुळं दुपारची ती खालीच एसी लावून, खिडक्या बंद करून झोपायची. मे महिना. बाहेर त्रेचाळीस.

“डोकं दुखतंय, आत्या. दोनदा उलटी झाली.”

“सातव्यात कसली उलटी? वीरेशच्या वेळी सातव्या महिन्यात मी पोती मोजत होते. उठून बस, लिंबूपाणी घे.”

ती उठून बसली. लिंबूपाणी घेतलं आणि तेही ओकून काढलं. गावातल्या डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. ऊन आणि पित्त, म्हणाल्या. गोळी दिली.

शनिवारी मी दुकानात गेलेच नाही. दुपारी जेवण करून तिच्या पायथ्याशी बसले. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. छातीवर हात ठेवून झोपली होती, श्वास तोकडा. मी पंखा वाढवायला उठले, आणि जाळीजवळ मला वास आला.

सडलेल्या लसणासारखा. अगदी बारीक. आला आणि गेला.

मी स्वतःला म्हणाले, मोरीतून येत असेल. दुसरं पाऊल टाकलं, पुन्हा आला. मी कपाटाजवळ गेले. चिकटपट्टी जशीच्या तशी होती, दारं घट्ट. मग वास कुठून? मी भिंतीला गाल लावून कपाटाच्या मागं बघितलं.

पाठीला ओक नव्हतं. नुसत्या पातळ फळ्या, खोक्याला मारतात तसल्या, आणि दोन फळ्यांत बोट जाईल एवढी फट. शंभर वर्षांत लाकूड आक्रसलं असेल. गोदामात मी चारदा त्याच्याजवळ येऊन बघितलं होतं, पण पुढूनच. द्राक्षं मोजत.

भिंतीच्या कडेला एक पाल उताणी पडली होती. तिच्या पलीकडं दुसरी.

मी खिडक्या उघडल्या, एसी बंद केला, आणि तेजश्रीला काखेत हात घालून उचललं. ती जड होती, दोन जिवांची, आणि मी अठ्ठावन्न वर्षांची. ओढत ओढत व्हरांड्यात आणलं. कामवालीला बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं.

फोन करताच वीरेश दुकानातून धावत आला. “काय झालं? तिला बाहेर उन्हात का आणलं?”

“एसीतून कसला तरी वास येतोय. गाडी काढ. सोलापूर.”

एसीतून. बघा, जीभ किती लवकर वाट काढते.

सत्तर किलोमीटरचा रस्ता. तिचं डोकं माझ्या मांडीवर, माझा हात तिच्या पोटावर. आत काही हलतंय का ते बघत होते. वैरागपर्यंत हललं. मग हललं नाही. मी हात दुसरीकडं ठेवला, पुन्हा पहिल्या जागी ठेवला.

“आई, काही बोल ना,” वीरेश पुढून म्हणाला.

“रस्त्याकडं बघ,” मी म्हणाले.

दवाखान्यात तिला आत नेलं. तरुण डॉक्टर होता, भराभर विचारत होता. काय खाल्लं? बाहेरचं काही? ऊन लागलं होतं? वीरेश उत्तरं देत होता. मी त्याच्या मागं उभी होते. तेवढ्यात रत्नप्रभाबाई आली. केस विसकटलेले, पायात दोन वेगळ्या चपला. तिला तसं मी कधी बघितलं नव्हतं.

“काय खायला घातलं हो माझ्या पोरीला?”

“आमच्याकडं विष घालत नाहीत कुणाला,” मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेला, मग मला तो ऐकू आला.

बाकावर बसलो. डॉक्टर अन्नातून झालेल्या विषबाधेचं औषध देत होते, हे मला कळत होतं. ते चूक आहे हेही कळत होतं. सांगायला फक्त तोंड उघडायचं होतं. समोर विहीण बसली होती. घड्याळात साडेचार वाजले, पावणेपाच वाजले. मी मनात म्हणत होते, सुधारेल. बाहेर काढलंय, आता हवा मिळतेय, सुधारेल. गोदामात एकदा एक हमाल असाच पडला होता. तो सुधारला होता. दुसऱ्या एका गावात दोघं सुधारले नव्हते, ते मी स्वतःला आठवू देत नव्हते.

पाच वाजता डॉक्टर बाहेर आले. “नाडी अनियमित होतेय. रक्तदाब उतरतोय. हे अन्नातलं वाटत नाही. घरात फवारणी, औषध, असं काही?”

“नाही,” वीरेश म्हणाला.

“बाळाचे ठोके मंदावलेत. काही असेल तर आत्ता सांगा.”

मी उठले. “गोळ्या. धान्यात ठेवायच्या. नव्या कपाटात आहेत.”

“कधीपासून?”

“गुरुवारपासून.”

“कुणी ठेवल्या?”

वीरेश माझ्याकडं बघत होता. रत्नप्रभाबाई बघत होती.

“विकणाऱ्यानं,” मी म्हणाले. “किडा लागू नये म्हणून ठेवतात ती माणसं. मला आज वासावरून कळलं.”

डॉक्टर ऐकून पळालेच. गुरुवारचा मेळ लागत नाही, कपाट तर आधीच्या बुधवारी आलं होतं, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. आत बरीच माणसं धावली, यंत्रं आली. याला उतारा नाही, असं एक सिस्टर दुसरीला म्हणाली. श्वास आणि हृदय सांभाळायचं, बाकी तिच्या नशिबावर.

रात्र कशी गेली ते सांगता येत नाही. सकाळी डॉक्टर आले, पहिल्यांदा खुर्चीवर बसले. “आई धोक्याबाहेर आहे. बाळाचे ठोके सुधारलेत, पण दोन दिवस काही सांगत नाही.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “आजी, तुम्ही ओळखलंत म्हणून. नाहीतर आम्ही दुसरीकडंच शोधत होतो.”

रत्नप्रभाबाईनं माझे दोन्ही हात धरले. “शिवकांताबाई, माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला,” म्हणाली, आणि रडली. चार वर्षं मला हेच हवं होतं. तिनं खाली मान घालून माझे हात धरावेत. तिचे हात थंडगार होते, आणि मला ते सोडवून घ्यावेसे वाटत होते.

वीरेश व्हरांड्यात फोनवर होता. आवाज चढलेला. “पोलिसांत देतो, गोदामाला टाळं लावतो, कैझर की कोण तू. माझी बायको, माझं मूल...” पलीकडचा माणूस काय बोलत असेल ते मला न ऐकता ऐकू येत होतं. तो म्हणत असेल, मी गोळ्या ठेवल्या नाहीत. वीरेश म्हणत होता, “माझी आई खोटं बोलते का?”

सिस्टरनं मला आत बोलावलं. तेजश्रीच्या नाकाला नळी होती, ओठ फुटलेले. तिनं माझा हात शोधला.

“आत्या, तुम्हाला वास कळला म्हणून मी आहे.”

“बोलू नकोस. पडून राहा.”

“मलाही येत होता,” ती म्हणाली. दर दोन शब्दांनंतर थांबत होती. “शुक्रवारीच. कपाटाकडून. मी ह्यांना म्हटलं, तिकडं काहीतरी कुजलंय. ह्यांनाही आला.”

“मग?”

“हे म्हणाले, आईला सांगू नको. तिनं निवडलंय. तिला वाटेल, तुझं कपाट घेतलं नाही म्हणून तू नावं ठेवतेस. सोमवारचं होईपर्यंत कळ काढ.” ती जरा हसली. “मग मी नाकाला पदर लावून झोपले.”

नाकाला पदर लावून. सात महिन्यांचं पोट घेऊन, माझ्या धाकानं, पदर लावून झोपली. मी शुक्रवारी संध्याकाळी तिच्या उशाशी उभी राहून पोती मोजल्याचं ऐकवत होते, तेव्हाही तिला तो वास येत होता.

मी तिचा हात चादरीवर ठेवला आणि बाहेर आले.

वीरेश आता पोलीस ठाण्याच्या कुणाशी तरी बोलत होता. कैझरभाईंचं पूर्ण नाव, गोदामाचा पत्ता सांगत होता. रत्नप्रभाबाई बाकावर बसून त्याला हातानं खुणावत होती, सांग, सगळं सांग.

“फोन ठेव,” मी म्हणाले.

“थांब आई, लिहून घेतायत ते.”

“ठेव म्हणते ना. गोळ्या आपल्या गोदामातल्या आहेत. मी ठेवल्यात. किडा आहे हे त्या माणसानं मला तिथंच सांगितलं होतं. पंधरा दिवस थांबा म्हणाला होता. मी थांबले नाही.”

त्याच्या हातातल्या फोनमधून कुणीतरी “हॅलो, हॅलो” करत होतं. त्यानं तो बंद केला की आपोआप बंद झाला, आठवत नाही.

“काल दुपारी साडेतीनला आपण इथं पोचलो,” वीरेश म्हणाला. हळू. “तू पाचला सांगितलंस.”

“होय.”

“दीड तास.”

“होय.”

तो मला ओरडेल म्हणून मी उभी राहिले. जन्मात ओरडला नव्हता, आज ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, “वास मलाही आला होता, आई.” मग त्याचे खांदे हलायला लागले.

रत्नप्रभाबाई आपली पिशवी उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

पुढं दोन महिन्यांनी गिरिजा झाली, सव्वासहा पौंडांची, आणि आता ती नववीत आहे, हे आज मी सांगू शकते. त्या सकाळी त्या बाकावर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की ती होणार आहे.

थोड्या वेळानं सिस्टर दारात आली. “पेशंटजवळ एका बाईमाणसानं बसायचंय. कोण येतंय?”

आमच्या घरात असा प्रश्न कधी पडत नसे. कुठल्याही कामाला पहिलं नाव माझं. वीरेशनं सवयीनं माझ्याकडं बघितलं. सिस्टरनंही त्याचं बघून माझ्याकडं बघितलं.

मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

“तुम्ही जा,” मी विहिणीला म्हणाले. “तिला काही दुखलं-खुपलं तर ती तुम्हाला सांगेल.”